सायकलीवरचा छोटा संगणक : स्वस्तातला जीपीएस निवडताना

गेल्या काही महिन्यांत ओपीडीत बीपी आणि शुगरच्या खालोखाल मला सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न औषधाचा नाही. माझी सायकल दवाखान्याच्या ओट्याला टेकवलेली असते. तिच्या हँडलवर काडेपेटीपेक्षा थोडं मोठं एक यंत्र बसवलेलं आहे. येणारा पेशंट आधी त्याच्याकडे बघतो, मग माझ्याकडे. "डाक्टर, हे काय लावलंय? केवढ्याला पडलं? आमच्या पोरालाबी घ्यायचंय."

प्रत्येकाला उभ्याउभ्या उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहावं, म्हणून हा लेख. मी यंत्रांचा तज्ज्ञ नाही. सास्तूरसारख्या गावात प्रॅक्टिस करणारा, पन्नाशीला टेकलेला साधा डॉक्टर आहे. पण हे यंत्र घेताना, वापरताना ज्या चुका केल्या त्यातल्या दोन थेट आरोग्याशी संबंधित आहेत, आणि त्या तुमच्याकडून होऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

सायकल कशी सुरू झाली?

एकोणपन्नासाव्या वर्षी, इतरांना दर तीन महिन्यांनी जी तपासणी करायला सांगतो ती मी स्वतःची केली. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी ६.२ आली. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. म्हणजे आजार अजून घरात आलेला नव्हता, पण दारात चपला काढत होता. कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत खुर्ची, मध्ये येणारा प्रत्येक नातेवाईक "साहेब, एक चहा तरी घ्या" म्हणणारा, आणि दवाखाना ते घर हे अंतर दोनशे पावलांचं.

गुडघे थोडे कुरकुरत होते, म्हणून पळण्याऐवजी सायकल निवडली. शिवाय आमचं गाव त्यासाठी सोयीचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर नव्या जागेवर आखलेली ही वस्ती. जुन्या गावातल्या बोळांच्या मानाने इथले रस्ते रुंद आणि सरळ. गावाबाहेर पडलं की माकणीच्या धरणाकडे मोकळा माळ, दोन्ही बाजूंना तूर-सोयाबीनची काळी रानं. सकाळी सहाला निघून आठच्या आत परत, असा नेम सुरू झाला.

फोनने काम भागत होतं, मग यंत्र कशाला?

हा प्रश्न माझ्या बायकोने विचारला होता, आणि तो अगदी रास्त आहे. फोनमध्ये जीपीएस असतोच. फुकटातलं अ‍ॅप टाकलं की किती किलोमीटर, किती वेळ, सगळं कळतं. सुरुवातीचे चार महिने मी तेच केलं. हँडलवर फोन लावण्याची एक पकड घेतली आणि नकाशा चालू ठेवून फिरायला लागलो.

मग नोव्हेंबरातली ती सकाळ आली. (पेशंटची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

फोन जुना होता, बॅटरी थकलेली होती. तास-सव्वा तास स्क्रीन पूर्ण उजेडात, जीपीएस चालू, त्यात माळावर रेंज कमी, म्हणून फोन सारखा टॉवर शोधत राहिलेला. धरणापाशी पोचलो तेव्हा फोन बंद पडला. मला त्याचं वाईट वाटलं ते एवढ्याचसाठी, की आजची फेरी नोंदली जाणार नाही. हे लिहितानाही लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं.

परत आलो तर दवाखान्याच्या दारात गर्दी. कंपाउंडर धावत आला. "साहेब, कवापासून लावुलालाव, फोन बंदच येऊलालंय!" आत बाकावर सत्तरीच्या घरातले एक आबा बसले होते. छातीवर हात, कपाळावर घामाचे थेंब, चेहरा राखेसारखा. पहाटेपासून छातीत दाब येत होता. घरच्यांनी त्यांना माझ्याकडे आणलं आणि मी येईन, आत्ता येईन म्हणून वाट बघत थांबले. पस्तीस मिनिटं.

ईसीजीमध्ये हार्ट अटॅक स्पष्ट दिसत होता. अ‍ॅस्पिरिन चघळायला दिली, १०८ ला फोन केला, लातूरला रवाना केलं. आबा वाचले. आज ते रोज संध्याकाळी पारावर बसतात. पण हृदयविकारात डॉक्टर एक गोष्ट घोकत असतात : जाणारी मिनिटं म्हणजे जाणारा स्नायू. रक्त न मिळणारा हृदयाचा स्नायू मिनिटागणिक मरत जातो आणि मेलेला परत येत नाही. त्या पस्तीस मिनिटांची किंमत आबांच्या हृदयाने चुकवली. आजही ते चढावर थांबून दम घेतात, तेव्हा मला तो बंद फोन आठवतो.

यातून दोन धडे. पहिला तुमच्यासाठी : छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, दम लागणं, असं काही झालं तर ओळखीच्या डॉक्टरची वाट बघत बसू नका. आधी १०८ लावा, मग आम्हाला. दुसरा माझ्यासाठी : फोन हे माझं मोजमापाचं खेळणं नाही, ते माझ्या पेशंटचं दार आहे. ते दार मी मोजमापासाठी बंद करू शकत नाही.

त्याच आठवड्यात सायकलीसाठी वेगळं यंत्र घ्यायचं ठरवलं. आणि खिसा बघता ते स्वस्तातलंच हवं होतं.

आधी थोडं समजून घेऊ : जीपीएस चालतो कसा?

पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे जीपीएस उपग्रह फिरत असतात. प्रत्येक उपग्रह सतत एकच गोष्ट ओरडून सांगत असतो : "मी अमुक जागी आहे आणि आत्ता इतके वाजलेत." हा संदेश आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा साधारण पंधरावा भाग लागतो. किती उशिरा पोचला यावरून यंत्र त्या उपग्रहाचं अंतर काढतं. असे किमान चार उपग्रह ऐकू आले की आपली जागा नक्की होते. तीन जागेसाठी लागतील असं वाटतं, पण चौथा लागतो, कारण आपल्या यंत्रातलं घड्याळ स्वस्त असतं आणि त्याची चूक दुरुस्त करावी लागते. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

एक योगायोग सांगतो. ज्या १९९३ साली आमचं गाव पडलं, त्याच वर्षीच्या डिसेंबरात ही यंत्रणा प्राथमिक वापरासाठी तयार झाल्याचं जाहीर झालं. सुरुवातीला सामान्य माणसाला मिळणारा संदेश मुद्दाम थोडा बिघडवलेला असे. मे २००० मध्ये तो बिघाड काढून टाकला, आणि तेव्हापासून साध्या यंत्रालाही काही मीटरच्या आत जागा सापडू लागली. आज रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बायडू या यंत्रणाही आहेत. बहुतेक स्वस्त यंत्रं यांतल्या दोन-तीन तरी ऐकतात.

यातून एक गैरसमज दूर होतो. जीपीएस यंत्र फक्त ऐकतं, बोलत नाही. "जीपीएस घेतला म्हणजे मी कुठं पडलो ते घरी कळेल" असं नाही. घरी कळवायचं असेल तर फोनच लागतो. म्हणून यंत्र घेतलं तरी फोन खिशात हवाच, आणि तो चार्ज केलेला हवा.

कोणतं यंत्र घ्यावं? आधी रस्ता बघा, मग किंमत

दुकानात किंवा मोबाइलवर बघायला बसलात तर डोकं गरगरतं. अमेरिकेच्या गार्मिन आणि वाहू, तैवानची ब्रायटन, चीनच्या आयजीपीस्पोर्ट आणि मॅजीन. हजार रुपयांच्या आतल्या मीटरपासून पन्नास हजारांच्या पुढच्या यंत्रापर्यंत सगळं आहे. मी एका प्रिस्क्रिप्शनच्या कागदामागे स्वतःला विचारायचे प्रश्न लिहिले. तेच तुम्हाला देतो.

१. मला खरंच जीपीएस हवा आहे का? फक्त वेग आणि अंतर हवं असेल तर चाकाला चुंबक आणि पुढच्या फोर्कला सेन्सर लावायचा वायरचा मीटर काही शे रुपयांत मिळतो. त्यात एका बटनाचा सेल असतो, तो कित्येक महिने चालतो. मात्र त्यात चाकाचा घेर बरोबर भरावा लागतो. टायरवर खडूने खूण करा, सायकलीवर बसून चाक एक पूर्ण फेरा फिरवा, जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. घेर पाच टक्क्यांनी चुकला तर प्रत्येक अंतर पाच टक्क्यांनी चुकेल. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना मी हाच मीटर सुचवतो.

२. माझ्या रस्त्यावर आकाश किती दिसतं? उंच इमारती, दाट झाडी, घाट यांत संदेश भिंतींवर आपटून येतो आणि नोंद वाकडी होते. तिथे दोन फ्रिक्वेन्सी ऐकणारी महागडी यंत्रं उपयोगी पडतात. आमच्या माळावर डोक्यावर आकाशाशिवाय काही नाही. लिंबाच्या किंवा चिंचेच्या झाडाखालून जाताना जेवढा फरक पडेल तेवढाच. तेव्हा त्यासाठी जादा पैसे घालायची मला गरज नव्हती.

३. चढ मोजायचे आहेत का? जीपीएसची उंची ही जागेइतकी अचूक नसते. म्हणून बऱ्याच यंत्रांत हवेचा दाब मोजून उंची काढणारा सेन्सर असतो. कसारा किंवा वरंधा घाट चढणाऱ्याला तो हवा. लोहारा-उमरग्याच्या सपाटीवर तो नसला तरी अडत नाही. माझ्या यंत्रात तो फुकटात आला, एवढंच.

४. नकाशा हवा आहे का? पूर्ण रंगीत नकाशामुळे किंमत एकदम दुप्पट-तिप्पट होते. स्वस्त यंत्रांपैकी काहींत आधी आखलेला मार्ग नुसत्या रेषेने दिसतो. मला तर तीही क्वचितच लागते. आमच्याकडे फाट्यावर कुणालाही "माकणी कुठं?" विचारलं की रस्ता मिळतो, आणि वर चहाही मिळतो.

५. छातीचा पट्टा जोडता येतो का? हा प्रश्न मी डॉक्टर म्हणून सगळ्यात वर ठेवतो. हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा यंत्राला ब्लूटूथने किंवा 'अँट प्लस' या पद्धतीने जोडला जातो. दोन्ही पद्धती चालणारं यंत्र घ्या, म्हणजे उद्या दुसऱ्या कंपनीचा पट्टाही चालतो. अगदी तळाच्या किमतीत काही यंत्रांना ही सोय नसते. खोक्यावर बघून घ्या.

६. उन्हात दिसतं का, पावसात टिकतं का? आमच्या उन्हात मोबाइलचा काचेचा पडदा आरसा होतो. या यंत्रांचा साधा काळा-पांढरा पडदा मात्र ऊन जितकं जास्त तितका स्पष्ट दिसतो. त्यामुळे रंगीत नाही म्हणून नाक मुरडू नका. पाण्यासाठी 'आयपीएक्स ७' असं लिहिलेलं असावं. त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडालं तरी चालतं. बटनं असतील तर घामाच्या किंवा चिखलाच्या बोटांनीही काम होतं, स्पर्शाच्या पडद्यावर होत नाही.

७. बॅटरी किती? स्वस्त यंत्रंही वीस-पंचवीस तास चालतात असं खोक्यावर लिहिलेलं असतं. जे लिहिलंय त्यातून थोडं कमी धरा. आठवड्यातून एकदा चार्ज केलं तरी माझं भागतं. ज्या कारणासाठी यंत्र घेतलं, ते हेच.

हे सगळं जुळवल्यावर मला लागणारं यंत्र पाच हजारांच्या आसपास सापडलं. पट्टा वेगळा घ्यावा लागला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सहा महिन्यांत नवं मॉडेल येतं आणि डॉक्टरने जाहिरात करू नये. वरचे सात प्रश्न मात्र जुने होणार नाहीत.

दोन बारीक गोष्टी. यंत्र चालू केल्यावर लगेच पेडल मारू नका. उपग्रहांची माहिती उतरवून घ्यायला त्याला अर्धा-एक मिनिट लागतो. मी ते अंगणात उघड्यावर ठेवतो आणि तोवर चाकात हवा बघतो. दुसरं, यंत्राला बारीक दोरी बांधून हँडलला अडकवा. आमच्या रस्त्यांवरचे स्पीडब्रेकर आणि खड्डे कुणाच्याही पकडीची परीक्षा घेतात.

ठोक्यांचा आकडा : इथे खरी काळजी घ्या

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी यंत्राने माझे ठोके मिनिटाला २१४ दाखवले. मी तर आरामात चाललो होतो. डॉक्टर असूनही क्षणभर पोटात गोळा आला. सायकल थांबवली, मनगटावर बोटं ठेवली, घड्याळ लावून मोजलं : ११२. दोष हृदयाचा नव्हता. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत पट्टा सुका होता आणि शर्टाच्या घासण्याने चुकीचे संकेत जात होते. आता पट्ट्याची रबरी बाजू पाण्याने ओली करूनच बांधतो. नियम सोपा : आकडा विचित्र दिसला की आधी शरीराला विचारा, मग यंत्रावर विश्वास ठेवा. उलटही तितकंच खरं. यंत्र सगळं ठीक दाखवत असेल, पण छातीत धडधड, चक्कर किंवा दाब जाणवत असेल, तर ऐकायचं शरीराचं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे, आणि तिच्यात माझीही चूक आहे.

माझं बघून एका गुरुजींनी तसंच यंत्र घेतलं. वय अठ्ठावन्न, ब्लडप्रेशर आणि पूर्वी एकदा छातीत दुखल्यामुळे मेटोप्रोलोल ही गोळी चालू. मीच त्यांना वरचे सात प्रश्न समजावले होते. पंधरा दिवसांनी ते आले, चेहरा उतरलेला. यंत्राबरोबरच्या अ‍ॅपने त्यांना सांगितलं होतं, २२० वजा वय म्हणजे १६२ ही तुमची कमाल मर्यादा, आणि व्यायामाचा फायदा हवा असेल तर ठोके १०४ च्या वर हवेत. गुरुजी धापा टाकेपर्यंत पेडल मारत, पण आकडा ९८ च्या वर जाईना. त्यांनी ठरवलं, हे त्या गोळीमुळेच होतंय. आणि दोन दिवस गोळी बंद केली.

मी हातातलं काम सोडून आधी त्यांचा बीपी बघितला, ईसीजी काढला. सुदैवाने काही झालं नव्हतं. पण होऊ शकलं असतं. मेटोप्रोलोलसारख्या 'बीटा ब्लॉकर' गोळ्या हृदयाचा वेग आवरून धरतात. ते त्यांचं कामच आहे. त्यामुळे या गोळ्या घेणाऱ्याला वयाच्या सूत्राने काढलेले आकडे लागूच होत नाहीत. आणि अशी गोळी एकदम बंद केली तर आवरलेलं हृदय उसळतं. बीपी वाढतो, छातीतलं दुखणं परत येतं, क्वचित अटॅकही येऊ शकतो. यंत्र सांगताना मी सात प्रश्न सांगितले, पण "तुमची गोळी कोणती?" हा आठवा विचारला नाही. मी तर त्यांचा डॉक्टर. मला तो पहिला सुचायला हवा होता.

मुळात हे २२० वजा वय सूत्र सरासरीचं आहे. दोन सारख्या वयाच्या निरोगी माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो. २००१ साली सुचवलेलं दुसरं सूत्र आहे : २०८ मधून वयाच्या ७० टक्के वजा करा. माझ्यासाठी एकाने १७१ येतात, दुसऱ्याने १७४. दोन्ही अंदाजच.

मग साध्या माणसाने काय करावं? बोलून बघा. सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता येतंय, पण गाणं म्हणता येत नाही, तर तो मध्यम व्यायाम. चार शब्दांनंतर दम घ्यावा लागतो, तर तो जोराचा व्यायाम. या चाचणीला पट्टा लागत नाही, चार्जिंग लागत नाही, आणि ती बीटा ब्लॉकर घेणाऱ्यालाही चालते. गुरुजी आता हेच करतात. त्यांच्या सोबतीला एक निवृत्त तलाठी असतात आणि दोघांच्या गप्पा थांबल्या की ते वेग कमी करतात.

कॅलरीचा आकडा विसरा

पट्टा न लावता एक तास फिरलो तर माझं यंत्र ५४० कॅलरी दाखवायचं. ते बघून मी परतताना हॉटेलात भजी आणि दोन कप गोड चहा घ्यायचो. महिन्याने वजनाचा काटा जागचा हलला नव्हता. हिशेब करून बघितला. ताशी सोळा किलोमीटरपेक्षा कमी वेगाने सायकल चालवणं म्हणजे निवांत बसण्याच्या चौपट ऊर्जा. माझं वजन ७४ किलो. म्हणजे तासाला तीनशेच्या आसपास कॅलरी, आणि त्यातल्या सत्तर-पंचाहत्तर तर नुसतं बसून राहिलो असतो तरी खर्च झाल्या असत्या. यंत्राला माझा श्वास, वारा, सायकलचं वजन काही माहीत नसतं. ते अंदाज सांगतं. त्या अंदाजावर भजी खाऊ नयेत.

आकड्यांच्या मागे धावू नका

नाशिकचे डॉक्टर महेंद्र आणि हितेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडणारी 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत जोडीने पूर्ण केली. नागपूरचे डॉक्टर अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. त्यांच्यासारख्यांना प्रत्येक मिनिटाचा वेग, ठोके, चढ यांचा हिशेब लागतो. आपण डॉक्टर आहोत एवढंच आपल्यात साम्य, हे मी काही दिवस विसरलो होतो.

रोज सरासरी वेग थोडा वाढवायचाच, असं डोक्यात बसलं. एका सकाळी कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरला गाठताना मी थांबायला हवं होतं. पण थांबलो असतो तर सरासरी पडली असती. पुढे गेलो, समोरून जीप आली, आणि मी रस्ता सोडून कडेच्या चारीत. कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं. पट्टी बांधताना कंपाउंडर काही बोलला नाही. त्याचं न बोलणं जास्त लागलं.

त्या दिवशी यंत्राच्या पडद्यावरून वेग काढून टाकला. बहुतेक यंत्रांत कोणते आकडे दिसावेत ते आपण निवडू शकतो. आता माझ्या पडद्यावर तीनच आकडे आहेत : किती वाजले, किती वेळ चालवली आणि ठोके. कारण जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्याला वेग मागितलेला नाही. तिने मागितली आहेत मिनिटं : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस. बास. आणि हे मोजायला हातातलं घड्याळही पुरतं.

निघण्यापूर्वी एवढं करा

• चाळिशी ओलांडलेली असेल आणि बीपी, मधुमेह, हृदयविकार किंवा घरात कमी वयात अटॅकचा इतिहास असेल, तर सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना दाखवा. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या आणि "या गोळ्यांवर व्यायाम करताना काय लक्ष ठेवू?" असं विचारा.

• इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेत असाल तर उपाशीपोटी लांब जाऊ नका. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. थरथर, घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी साखर खा, सायकल नंतर.

• कोणतीही गोळी यंत्राच्या आकड्यावरून बंद करू नका, कमी करू नका.

• हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि पाण्याची बाटली यांचे पैसे आधी बाजूला काढा. उरले तर यंत्र घ्या. मे महिन्यात ऊन चढायच्या आत घरी या.

• फोन चार्ज करून खिशात. त्यात १०८ आणि घरचा नंबर पटकन सापडेल असा ठेवा.

शेवटी

गेल्या महिन्यातली माझी एचबीएवनसी ५.८ आली. उंबरठ्यावरचा पाहुणा अजून गेलेला नाही, पण दोन पावलं मागे सरकला आहे. हे काम यंत्राने केलं नाही, पेडलने केलं. भजी सोडल्यानेही केलं. यंत्राचा उपयोग एवढाच झाला की माझा फोन मोकळा राहिला. आता तो रोज सकाळी शंभर टक्के चार्ज होऊन, घंटी मोठी करून, शर्टाच्या खिशात असतो. मी कोणत्या रस्त्याने जातोय ते कंपाउंडरला सांगून निघतो. आणि दवाखान्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून लावलंय : "छातीत दुखत असेल तर डॉक्टरची वाट बघू नका. १०८ ला फोन करा."

परवा पारावर आबा भेटले. यंत्राकडे बघत म्हणाले, "डाक्टर, ह्यात माजं काळीज दिसतंय का?" मी म्हटलं, "नाही आबा, यात माझंच दिसतं. तुमचं बघायला शुक्रवारी दवाखान्यात या, गोळ्यांची चिठ्ठी घेऊन." ते हसले. शुक्रवारी आलेही.

तुम्हीही सायकल काढा. यंत्र असलं तर छान, नसलं तरी चालेल. काळजी घ्या.